काचेवर मोकळे, वाटेवर बंद

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहून आलेल्या आईवडिलांनी एक दृश्य बहुधा पाहिलेले असते. सकाळी दारापुढे एक व्हॅन थांबते. माणूस उतरतो, मागच्या दारातून बारीक नळीचे टोक ओढत आणतो, ते एका लांब काठीला जोडतो आणि जमिनीवर उभा राहूनच वरच्या मजल्याच्या खिडक्या घासून धुऊ लागतो. साबण नाही, फडके नाही, शिडी नाही. काचा ओल्याच सोडून तो पुढच्या घराकडे निघून जातो. ‘पुसल्या कुठे त्याने?’ असा प्रश्न आपल्याला पडतो. तासाभराने पाहावे, तर काच कोरडी आणि लख्ख. एक डाग नाही.

या काठीला तिकडे ‘वॉटर-फेड पोल’ म्हणतात. कार्बन फायबरची किंवा ग्लास फायबरची, एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांची, टोकाला ब्रश आणि ब्रशमध्ये पाण्याच्या दोन किंवा चार बारीक धारा. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २००५ रोजी उंचीवरील कामाचे नियम लागू झाले. ‘उंचीवर जाणे टाळता येत असेल तर आधी टाळा’ हे त्यांचे पहिले सूत्र. शिडीवर बंदी आली नाही. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला ती आजही चालते. पण जे काम जमिनीवरून होऊ शकते त्यासाठी शिडी चढायची कशाला, हा विचार रुजला आणि ही काठी घरोघरी दिसू लागली.

काठीमुळे शिडीवरून पडण्याची भीती गेली, पण एक नवी काळजी आली ती पाण्याची. व्हॅनमध्ये जेवढे भरून आणले तेवढ्यातच दिवस काढायचा असतो. म्हणून या धंद्यातल्या माणसांमध्ये एका लहानशा वस्तूवर मोठी चर्चा चालते. ती वस्तू म्हणजे पाणी हवे तेव्हा सोडणारा आणि नको तेव्हा रोखणारा व्हॉल्व्ह. तो कोणता घ्यावा आणि कुठे बसवावा, हे समजून घेताना आधी या पाण्याची किंमत समजून घ्यावी लागते.

डाग पाण्याचा नसतो

काचेवर वाळलेल्या थेंबाचा जो पांढरट डाग राहतो, तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. क्षारच काढून टाकले तर थेंब वाळला तरी मागे काही उरत नाही. म्हणूनच काच पुसावी लागत नाही.

हे क्षार मोजण्याचे टीडीएस मीटर आता आपल्याकडेही ओळखीचे झाले आहे. घरी आरओ बसवायला येणारा माणूस तेच ग्लासात बुडवून दाखवतो. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खिडकीवाल्याला मात्र आकडा शून्य हवा असतो, फार तर दहाच्या आत. लंडन आणि दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात पाणी खडू आणि चुनखडीच्या थरांमधून झिरपून येते, त्यामुळे नळाचा आकडा तीनशेच्या आसपास सहज भरतो. तो शून्यावर आणण्यासाठी पाणी आधी आरओच्या पडद्यातून आणि मग रेझिनच्या नळकांड्यातून जाते. पडदा बहुतेक क्षार अडवतो, उरलेसुरले रेझिनचे मणी धरून ठेवतात. मणी भरले की ते टाकून नवे घ्यावे लागतात, आणि ते स्वस्त नसतात.

आरओचे दुखणे आपल्या घरांना ठाऊक आहे. शुद्ध पाणी एका नळीतून येते आणि क्षारांनी भरलेले पाणी दुसऱ्या नळीतून वाहून जाते. ते बादलीत धरून लादी पुसणारी घरे महाराष्ट्रात कमी नाहीत. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये या वाया जाणाऱ्या पाण्याची दखल घेतली आणि आरओ यंत्रांनी किमान साठ टक्के पाणी वापरात आणावे असा आग्रह धरला. खिडकीवाल्याच्या यंत्रातही पाण्याचा दाब आणि पडद्याची अवस्था यांनुसार निम्मे पाणी वाहून जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणजे काठीच्या टोकातून वाया गेलेला एक लिटर म्हणजे लंडनमध्ये प्रत्यक्षात नळाचे दोन लिटर असतात. उलट ग्लासगोत १८५९ पासून लॉख कॅट्रिन या डोंगराळ तलावाचे पाणी येते. ते इतके मृदू आहे की नुसत्या रेझिनवर काम भागू शकते. तिथे वाचलेला लिटर हा लिटरच. व्हॉल्व्हवर किती खर्च करायचा, याचे पहिले उत्तर म्हणूनच दुकानात मिळत नाही. ते आपल्या नळाच्या पाण्यात असते.

पाणी जाते कुठे?

एक साधा हिशेब करू. काठीतून मिनिटाला दोन लिटर पाणी येते असे धरा. एका घराला बारा खिडक्या. प्रत्येक खिडकी घासून धुवायला अर्धे मिनिट, आणि एका खिडकीपासून दुसरीपर्यंत जायला, काठी कमी-जास्त करायला, नळी कुंडीतून सोडवायला पाव मिनिट. काचेवर सहा मिनिटे पाणी पडले, म्हणजे बारा लिटर. वाटेत तीन मिनिटे पडले, म्हणजे सहा लिटर. अठरा लिटरांतले सहा लिटर फरशीवर आणि हिरवळीवर गेले.

अशी दिवसाला पंधरा घरे केली, तर वाटेवर सांडलेले पाणी नव्वद लिटर होते. आरओचा निम्मा हिशेब धरला तर नळाचे एकशे ऐंशी लिटर. महिन्याचे वीस कामाचे दिवस धरले, तर तीन हजार सहाशे लिटर. हे सगळे पाणी कोणत्याही काचेला लागलेले नसते.

नुकसान फक्त पाण्याच्या बिलात दिसत नाही. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो वजन. टाकीत ४०० लिटर भरले की व्हॅनवर ४०० किलो चढतात. ते वाहून न्यायला इंधन लागते, थांबवायला ब्रेक लागतात. नव्वद लिटर कमी लागले तर नव्वद किलो कमी वाहावे लागतात. रेझिन अधिक टिकते, पंप कमी चालतो, बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. शिवाय थंडीत वाटेवर सांडलेले पाणी गोठते आणि त्यावरून कुणी वृद्ध घसरू शकते. ब्रिटनमध्ये ही भीती खरी आहे.

दुष्काळही तिथे नवा नाही. ५ एप्रिल २०१२ रोजी दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमधल्या सात पाणीकंपन्यांनी नळी लावून पाणी वापरण्यावर बंदी घातली होती. २०१० च्या कायद्यात अशा बंदीखाली आणता येणाऱ्या कामांची यादी आहे आणि घराच्या खिडक्या नळीने धुणे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. धंदा करणाऱ्यांना कंपन्या अनेकदा सवलत देतात. पण शेजाऱ्यांची बाग सुकत असताना आपल्या काठीतून फरशीवर धार लागलेली असणे, हे कोणत्याही सवलतीने शोभत नाही.

यावर एक चुकीचा उपाय सहज सुचतो: पंपच मंद करावा. मिनिटाला दोनऐवजी एक लिटर सोडावा. पण काचेवर पाणी कमी पडले की मळ नीट वाहून जात नाही. चौकटीतली धूळ ओघळून खाली येते, डाग राहतात आणि पुन्हा यावे लागते. काही काचांवर पाणी पसरून पातळ थर होतो. त्या थोड्या पाण्यात निघतात. काहींवर मात्र ते थेंबाथेंबाने सुटे राहते. तिथे भरपूर पाण्यानेच धुवावे लागते. बचत काचेवर करायची नसते, दोन काचांच्या मधल्या वाटेवर करायची असते.

बंद कुठे करायचे?

पाणी व्हॅनमधल्या टाकीतून निघते, पंपातून जाते, साधारण शंभर मीटर नळीतून काठीच्या पायथ्याशी येते आणि काठीतून वर ब्रशपर्यंत चढते. या वाटेवर ते तीन ठिकाणी अडवता येते: पंपाशी, पायथ्याशी किंवा माथ्याशी. कोणत्या ठिकाणी अडवतो यावर व्हॉल्व्हचा गुण ठरतो.

पंपाशी अडवायचे तर खिशात रिमोट ठेवतात. बटण दाबले की व्हॅनमधला पंप थांबतो. हात काठीवरून जवळजवळ हलवावा लागत नाही. पण पंप थांबला म्हणून पाणी लगेच थांबत नाही. मऊ नळी दाबाने किंचित फुगलेली असते. दाब सुटला की ती आकसते आणि आतले पाणी ब्रशमधून काही सेकंद गळत राहते. एका खिडकीपासून दुसरीपर्यंतची वाट पंधरा सेकंदांची असेल, तर त्यातला मोठा भाग या गळतीतच जातो. आणखी एक बारीक गोष्ट: घर रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर असेल, लंडनच्या जुन्या घरांना असतात तशा तळघराच्या खिडक्या धुवायच्या असतील, तर पंप बंद असूनही टाकीतले पाणी उताराने पुढे वाहत राहू शकते. जाड भिंतीआड रिमोटचा संदेश पोचला नाही, तर व्हॅनपर्यंत चालत जावे लागते, ते वेगळेच.

माथ्याशी, म्हणजे ब्रशजवळ अडवले तर पाणी तत्क्षणी थांबेल. पण तिथे हात पोचत नाही आणि वजन वाढते. काठीच्या टोकाचे वजन हाताला अनेक पटींनी जाणवते. नऊ मीटर लांब काठी आडवी धरली, तर टोकावरचे दीडशे ग्रॅम हे हातापासून एक मीटरवर टांगलेल्या १.३५ किलोइतके ओढतात. दिवसभर खांदे वर करून काम करणाऱ्याला हे परवडत नाही.

उरतो पायथा. बहुतेक घरांच्या कामाला हीच जागा योग्य. इथे व्हॉल्व्हचे तीन-चार प्रकार मिळतात.

पहिला म्हणजे साधा बॉल व्हॉल्व्ह, पाव वळसा फिरणारी मूठ असलेला. आकाराने लहान. स्वस्त, टिकाऊ, दुरुस्तीला सोपा. मात्र फिरवायला एक हात काठीवरून काढावा लागतो.

दुसरा प्रकार काठीच्या आतच बसतो. नळी काठीच्या बुडातून बाहेर येते, तिलाच वळवून किंवा ओढून पाणी बंद-चालू करता येते. हात काठीवरच राहतो. काठी लांब-आखूड करताना नळी आत-बाहेर सरकते, तेव्हा व्हॉल्व्ह अडकत नाही ना, हे मात्र घेण्याआधी आपल्याच काठीवर पाहावे लागते.

तिसरा चिमटीचा. काठीवर अंगठ्याजवळ एक पट्टी असते, ती दाबली की मऊ नळी चिमटली जाते. पाण्याला व्हॉल्व्हचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे आत बिघडण्यासारखे काही नाही. पण नळी रोज त्याच जागी दबते आणि शेवटी तिथे फाटते. दर काही दिवसांनी ती थोडी पुढे सरकवावी.

चौथी युक्ती फुकटची: नळी हाताने दुमडून धरणे. अंगणात झाडांना पाणी घालताना आपणही तेच करतो. घाईच्या वेळी ठीक, पण रोजच्या कामात नळीला कायमची घडी पडते आणि हात तेवढा वेळ गुंतून राहतो. काही जण झटपट जोडणीचे कपलिंगच ओढून सुटे करतात. सुटे होते सहज. आत दाब भरला की पुन्हा बसवताना मात्र बोटे दुखतात.

पायथ्याशी पाणी बंद केले तरी काठीच्या आत वरपर्यंत पाणी भरलेले असते. काठी उभी आहे तोवर ते तिथेच राहते; काठी आडवी केली की ब्रशमधून सांडते. दहा मीटर लांब आणि पाच मिलिमीटर पोकळीच्या नळीत सुमारे दोनशे मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी मावते. त्यामुळे शक्य तिथे काठी उभीच ठेवून पुढच्या खिडकीकडे जावे. व्हॉल्व्ह आणि सवय मिळून बचत होते, एकट्या व्हॉल्व्हने नाही.

पोकळी, पंप आणि थंडी

जागा ठरली की प्रश्न येतो व्हॉल्व्हच्या आतल्या भोकाचा. बाहेरून अर्धा इंची दिसणाऱ्या व्हॉल्व्हचे आतले भोक कधीकधी निम्म्याहून लहान असते. पाण्याची वाट किंचित अरुंद झाली तरी दाब झपाट्याने खर्च होतो. ढोबळ गणिताने मिनिटाला दोन लिटर पाणी शंभर मीटर नळीतून नेताना आठ मिलिमीटर पोकळीत साधारण एक बार दाब खर्च होतो, तर सहा मिलिमीटरमध्ये जवळपास चार बार. शिवाय पाणी दहा मीटर वर चढवायला आणखी एक बार लागतो. या कामातले पंप साधारण सात बारपर्यंत दाब देतात. जो सहा मिलिमीटरची नळी वापरतो, त्याच्याकडे उधळायला दाब उरतच नाही. त्याने पूर्ण भोकाचाच व्हॉल्व्ह घ्यावा.

दुसरा प्रश्न धातूचा. क्षार काढलेले पाणी भुकेले असते. जिथे जाईल तिथून थोडे थोडे विरघळवून घेते. पितळेवर त्याचा हळूहळू परिणाम होतो. चांगल्या प्रतीचे प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील या पाण्याला अधिक मानवते.

तिसरा प्रश्न पंपाचा, आणि तो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. पायथ्याशी पाणी अडवले की पंपापुढे वाट बंद होते. दाब वाढतो आणि पंपातला दाबाचा स्विच त्याला थांबवतो. अनेक व्हॅनमध्ये पंपाला कंट्रोलर जोडलेला असतो. पंप खेचत असलेल्या विजेवरून तो वाट बंद झाल्याचे ओळखतो. हा कंट्रोलर नीट जुळवलेला नसेल, तर दोन गोष्टी घडतात. तो फार हळवा असेल, तर काठी उंच करताच पाणी चालू असूनही पंप थांबवतो. फार बधिर असेल, तर पंप थांबतो, चालू होतो, पुन्हा थांबतो आणि असा धडधडत राहून स्विच आणि मोटर झिजवतो. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर, नळी बदलल्यावर आणि कडक थंडी सुरू झाल्यावर कंट्रोलर पुन्हा जुळवावा.

झटकन बंद होणारा व्हॉल्व्ह चांगला वाटतो, पण वाहते पाणी एकाएकी अडले की त्याचा धक्का मागे जोडांपर्यंत पोचतो. मऊ नळी तो बराचसा पचवते. सैल बसवलेला जोड पचवत नाही. बंद करताना हात अर्धा क्षण सावकाश फिरवला तरी जोडांचे आयुष्य वाढते.

थंडीचा नियम एका ओळीचा: रात्री व्हॉल्व्ह उघडा आणि रिकामा ठेवा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगते. बंद व्हॉल्व्हमध्ये अडकलेले ते थोडेसे पाणी सकाळी व्हॉल्व्ह फोडून ठेवते.

बादलीची परीक्षा

व्हॉल्व्ह घेतल्यावर जाहिरातीवर विसंबू नये. एक बादली आणि घड्याळ पुरते. आधी व्हॉल्व्ह न लावता ब्रश बादलीत धरून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजा. मग व्हॉल्व्ह लावून, पूर्ण उघडा ठेवून पुन्हा मोजा. पाणी दहाव्या हिश्शाहून अधिक घटले, तर भोक अरुंद आहे. नंतर व्हॉल्व्ह बंद करा आणि पंपाकडे कान द्या. काही सेकंदांत तो गप्प व्हायला हवा आणि गप्पच राहायला हवा. मधूनमधून सुरू होत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा जुळणी चुकली आहे. शेवटी एक दिवस टाकीतले पाणी सकाळी आणि संध्याकाळी मोजा. तेवढीच घरे जुन्या पद्धतीने केलेल्या दिवसाशी ताडून पाहा. वाचलेले पाणी लिटरमध्ये लिहून ठेवा आणि ते व्हॉल्व्हच्या किमतीशी तोला.

एवढा विचार करून निष्कर्ष निघतो तो असा. एक-दोन मजली घरे धुणाऱ्याला पायथ्याशी बसणारा, पूर्ण भोकाचा, हात काठीवर ठेवूनच फिरवता येणारा व्हॉल्व्ह सर्वांत उपयोगी. जिथे एका जागी उभे राहून बराच वेळ सलग काम चालते, अशा उंच इमारतींवर रिमोट सोयीचा. तिथे बंद-चालू कमी वेळा करावे लागते आणि गळतीचे काही सेकंद मोजण्यासारखे नसतात. दोन्ही जवळ असतील तर उत्तम: वाटेवर हाताचा व्हॉल्व्ह, आणि नळी निसटली, जोड फुटला तर व्हॅनचा पंप थांबवायला रिमोट.

मात्र निवडताना शेवटची कसोटी हाताची असावी. जो व्हॉल्व्ह फिरवायला अवघड आहे तो कितीही महाग असला तरी दुपारनंतर उघडाच राहतो आणि पाणी वाटेवर सांडतेच. दिवसात दोनशे वेळा न कंटाळता बंद होईल, तोच पाणी वाचवणारा व्हॉल्व्ह.